पेटीतले बाळ आणि प्राणवायूचा हिशेब

(ट्रस्टच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



प्रतिवर्षी या प्रसंगी अहवाल वर्षातील जमाखर्चाचा गोषवारा वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे असते. यंदाचा ताळेबंद लेखापरीक्षकांच्या अभिप्रायासह आपल्या हातातील पुस्तिकेत छापलेला आहे, तेव्हा तो वाचून आपला वेळ घेत नाही. त्याऐवजी एका प्रश्नाचे उत्तर देण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्ष महोदयांकडे मागितली आणि त्यांनी ती उदार मनाने दिली, याबद्दल त्यांचे ऋणी आहोत.

प्रश्न विचारणारे गृहस्थ याच सभागृहात बसलेले आहेत. नाव घ्यावयाचे नाही, ही त्यांची अट आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी आपल्या शहरातील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले, तो दिवस कोणताही नाशिककर विसरलेला नाही. त्या घटनेनंतर काही महिन्यांनी हे गृहस्थ आमच्याकडे आले आणि नवजात अतिदक्षता विभागासाठी प्राणवायूची संपूर्ण नळयोजना त्यांनी आपल्या खर्चाने करून दिली. पुढे एकदा ते आपली देणगी कशी वापरली जाते हे पाहावयास आले असता, पेटीत ठेवलेल्या एका बाळाचा प्राणवायू आमच्या परिचारिका कमी करीत असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. ते तडक आमच्या कार्यालयात आले व म्हणाले, “साहेब, आम्ही पैसे दिले ते प्राणवायू मिळावा म्हणून. तुमच्या सिस्टर तर तो कमी करताहेत!”

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्राचे ज्ञान आम्हांला तीस वर्षांच्या सहवासाने जे लाभले तेवढेच. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी त्या दिवशी त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिले, आणि ते सौजन्याने हो म्हणून गेले. परंतु त्यांचे समाधान झाले नव्हते हे आम्ही त्यांच्या चेहऱ्यावर वाचले. खरे सांगावयाचे तर आमचेही पूर्ण समाधान झाले नव्हते. म्हणून आम्ही या विषयाची कागदपत्रे मागवून वाचली, आमच्या नेत्रतज्ज्ञांना पुन:पुन्हा प्रश्न विचारून त्रास दिला, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आधी डोळ्याविषयी थोडे. डोळ्याच्या आतील मागच्या बाजूला जो नाजूक पडदा असतो त्याला दृष्टिपटल, डॉक्टरांच्या भाषेत रेटिना, म्हणतात. आईच्या पोटात साधारण सोळाव्या आठवड्यापासून या पडद्यावर रक्तवाहिन्या पसरू लागतात. त्या मध्यभागापासून कडेकडे वाढत जातात व नऊ महिने भरता भरता कडेपर्यंत पोहोचतात. जे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते, त्याच्या पडद्याची कड अजून रिकामीच असते. गर्भात बाळाला प्राणवायू बेताचाच मिळतो, आणि रक्तवाहिन्यांची वाढ त्या बेतावरच चालते. अशा बाळाला बाहेर आल्यावर एकाएकी भरपूर प्राणवायू मिळाला की ही वाढ थबकते. काही आठवड्यांनी रिकामी राहिलेली कड प्राणवायूसाठी भुकेली होते, नव्या रक्तवाहिन्यांना हाका मारू लागते, आणि मग ज्या वाहिन्या उगवतात त्या वेड्यावाकड्या व ठिसूळ असतात. त्या फुटतात, त्यांचे व्रण आकसतात आणि अखेर पडदाच जागचा ओढून सोडवितात. या विकाराला रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, थोडक्यात आरओपी, असे नाव आहे. बहुतेक बाळांत तो सौम्य असतो व आपोआप मावळतो. ज्या थोड्यांत तो मावळत नाही, त्यांच्यासाठी उपचाराची संधी मोजक्या दिवसांची असते. ती हुकली तर जन्माचे अंधत्व येते. हे सारे घडत असताना बाळाचे डोळे बाहेरून अगदी सुंदर दिसतात, आणि यातच सगळा घात आहे.

आता प्राणवायूकडे येऊ. १९४२ साली बोस्टन येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढुरका पडदा आढळल्याचे प्रथम नोंदविले. पुढील बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुले या विकाराने अंध झाली असे मानले जाते. ही मुले जन्मली ती बहुतांशी उत्तमोत्तम रुग्णालयांत. काचेच्या नव्या पेट्या, मुबलक प्राणवायू, प्रशिक्षित परिचारिका असे सर्व काही तेथे होते. कारण मात्र कोणालाच उमगेना. कोणी प्रकाशाला दोष दिला, कोणी जीवनसत्त्वांना, कोणी दुधाला.

याच काळातील न्यूयॉर्कची एक हकिकत आम्हांला विशेष बोधक वाटली, कारण ती हिशेबाच्या माणसाला चटकन कळते. डॉ. विल्यम सिल्व्हरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एसीटीएच नावाचे संप्रेरक देऊन या बाळांवर उपचार केले. ३१ बाळांपैकी २५ बाळे चांगली दृष्टी घेऊन घरी गेली. शेजारच्या दुसऱ्या रुग्णालयात हे औषध दिले जात नव्हते, आणि तेथे ७ पैकी ६ बाळे अंध झाली. यापेक्षा स्पष्ट पुरावा तो कोणता? पेढे वाटावे असाच निकाल होता. तरीही त्यांनी एक शिस्तीची चाचणी घ्यावयाचे ठरविले. कोणत्या बाळाला औषध द्यावयाचे व कोणाला नाही हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता गोट्या काढून ठरविले गेले. निकाल हाती आला तेव्हा औषध दिलेल्यांपैकी एक-तृतीयांश बाळे अंध झाली होती, न दिलेल्यांपैकी एक-पंचमांश. शिवाय औषध घेतलेल्यांत मृत्यूही अधिक. पहिल्या ३१ बाळांतील बहुतेकांचा विकार औषधाशिवायही मावळलाच असता, आणि त्याचे श्रेय औषधाच्या खात्यावर जमा झाले होते. एका दुकानाचा नफा दुसऱ्या दुकानाच्या तोट्याशी ताडून पाहणारा लेखापाल जी चूक करतो, तीच चूक येथे थोर डॉक्टरांच्या हातून होता होता राहिली. सिल्व्हरमन यांनी पुढे आयुष्यभर ही गोष्ट स्वतःच सांगितली, हा त्यांचा मोठेपणा.

१९५१ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉ. केट कॅम्पबेल या बालरोगतज्ज्ञ विदुषींनी आपल्या शहरातील रुग्णालयांची तुलना केली, तेव्हा जेथे प्राणवायू सढळ हाताने दिला जाई तेथेच अंधत्व अधिक आढळले. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या एका नगर रुग्णालयात डॉ. अरनॉल पॅट्झ हे तरुण डॉक्टर काही बाळांना भरपूर व काही बाळांना बेताचा प्राणवायू देऊन पाहत होते. शासनाकडे अनुदान मागितले असता, बाळांचा प्राणवायू कमी करणे धोक्याचे आहे म्हणून ते नाकारण्यात आले. पॅट्झ यांनी आपल्या भावाकडून पैसे उसने घेतले. आणि आणखी एक अडचण अशी की, रात्रपाळीच्या काही परिचारिका, बाळांचा जीव गुदमरेल या कळवळ्याने, डॉक्टर घरी गेले की गुपचूप प्राणवायू वाढवून ठेवीत.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमचे देणगीदार उभे राहिले. त्या परिचारिका निष्काळजी नव्हत्या. त्यांचे काळीज आपल्यासारखेच होते.

पुढे अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी एकत्र येऊन जुलै १९५३ पासून एक मोठी चाचणी घेतली व सप्टेंबर १९५४ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले. प्राणवायूचा मुक्त वापर हेच या अंधत्वाचे मुख्य कारण, हे त्यातून सिद्ध झाले. पॅट्झ आणि या चाचणीचे सूत्रधार डॉ. एव्हरेट किन्से यांना १९५६ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

गोष्ट येथे संपली असती तर आमचे भाषणही येथेच आवरते घेता आले असते. परंतु यानंतर जे झाले त्याने आम्ही सर्वाधिक अस्वस्थ झालो. या निष्कर्षानंतर जगभर प्राणवायूवर कडक मर्यादा आली, चाळीस टक्क्यांच्या वर तो देणे गुन्हा वाटू लागले. अंधत्व झपाट्याने घटले. आणि ज्या बाळांना श्वासासाठी अधिक प्राणवायूची निकड होती, ती मरू लागली. १९७३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ केनेथ क्रॉस यांनी या निर्बंधाची किंमत काढण्याचा प्रयत्न केला. एका मुलाची दृष्टी वाचविताना सुमारे सोळा बालके दगावली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. जमेच्या बाजूला वाचलेले डोळे दिसत होते. नावेची बाजू कोणी वीस वर्षे लिहिलीच नव्हती, कारण मेलेले बाळ नेत्रतज्ज्ञाकडे येत नाही.

मग योग्य प्रमाण कोणते? बाळाच्या तळपायाला लावून रक्तातील प्राणवायू दाखविणारे पल्स ऑक्सिमीटर आले (करोनाच्या काळात आपल्यापैकी प्रत्येकाने ते बोटाला लावून पाहिले आहे), तेव्हा हा प्रश्न अचूकपणे विचारणे शक्य झाले. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘सपोर्ट’ नावाच्या चाचणीत चोवीस ते सत्तावीस आठवड्यांच्या १,३१६ बाळांचे दोन गट करण्यात आले. एका गटात प्राणवायूची पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवली, दुसऱ्यात ९१ ते ९५. कमी पातळीच्या गटात वाचलेल्या बाळांपैकी शंभरात सुमारे नऊ जणांना तीव्र आरओपी झाला, जास्त पातळीच्या गटात अठरा जणांना. मात्र घरी जाण्यापूर्वी दगावणाऱ्यांचे प्रमाण कमी पातळीत शंभरात वीस, तर जास्त पातळीत सोळा होते. डोळ्यांसाठी जे हितकर तेच जिवासाठी घातक, असा हा पेच निघाला. त्यानंतर सर्वसाधारणपणे ९० ते ९५ टक्के ही पातळी धरली जाते व डोळ्यांची राखण वेळेवर तपासणी करून केली जाते. आमच्या परिचारिका त्या दिवशी जे बटण फिरवीत होत्या ते एवढ्यासाठीच की, यंत्रावर आकडा ९८ दिसत होता. तो ८८ असता तर त्यांनी तेच बटण उलट बाजूस फिरविले असते. दिवसातून कितीदा त्यांना हे करावे लागते हे आम्ही एकदा शेजारी बसून पाहिले आणि मोजण्याचा नाद सोडून दिला.

येथे आपल्या देशाचा विषय येतो. पाश्चात्त्य देशांत हा विकार मुख्यत्वे अतिशय लहान बाळांत आढळतो, म्हणून अमेरिकेत साधारणपणे दीड किलो वजनापर्यंतच्या किंवा तीस आठवड्यांपर्यंतच्या बाळांची तपासणी करण्याचा नियम आहे. आपणही बराच काळ त्याच नियमावर विसंबलो. परंतु चंडीगढ, हैदराबाद, बंगळुरू येथील नेत्रतज्ज्ञांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळले की, आपल्याकडे त्याहून वजनदार बाळांतही तीव्र आरओपी होतो, आणि परदेशी नियम जसाच्या तसा लावल्यास यांतील काही बाळे हातून निसटतात. प्राणवायू मोजूनमापून देण्याची सोय सर्वत्र नसणे, जंतुसंसर्ग, वजन नीट न वाढणे ही त्यामागील कारणे सांगितली जातात. यातूनच भारताचा स्वतंत्र नियम तयार झाला : चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावेत, आणि फारच लहान बाळांचे दोन ते तीन आठवड्यांतच. हैदराबादच्या डॉ. सुभद्रा जलाली यांनी ‘तीस दिन रोशनी के’ या सोप्या शब्दांत तो देशभर पोहोचविला. २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे ज्याचा शुभारंभ झाला त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या विकाराचा अंतर्भाव आहे. देशात वर्षाला सुमारे पस्तीस लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मतात, असा २०१० सालचा आंतरराष्ट्रीय अंदाज होता. त्या मानाने हे डोळे तपासू शकणारे तज्ज्ञ मूठभर आहेत. म्हणूनच बंगळुरूच्या डॉ. आनंद विनेकर यांनी २००८ पासून एक निराळी वाट काढली. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णालयांत जातात, बाळांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात, आणि तज्ज्ञ दूर बसून ती पाहून निर्णय देतात.

पुण्यातील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाच्या डॉ. सुचेता कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्ही दोनदा वाचला. या विकाराने दृष्टी गमावलेल्या पश्चिम भारतातील मुलांच्या कुटुंबांना त्यांनी विचारले की, उशीर का झाला? गरिबी, अंतर, अज्ञान अशी उत्तरे येतील असे आपणांस वाटेल. सर्वांत मोठे कारण निघाले ते असे की, डोळे तपासावयाचे आहेत हे त्या आई-वडिलांना कोणी सांगितलेच नव्हते.

येथवर आम्ही इतरांच्या गोष्टी सांगितल्या. आता आमची.

काही वर्षांपूर्वी सुरगाणा तालुक्यातील एक बाळ आमच्या विभागात होते. तेहतीस आठवड्यांचे, वजन सतराशे ग्रॅम. विभागाच्या मानाने धट्टेकट्टे. अठराव्या दिवशी ते आईचे दूध नीट पिऊ लागले, आणि खाट दुसऱ्या बाळासाठी हवी होती म्हणून त्याला घरी सोडण्यात आले. डिस्चार्ज कार्डावर आमच्या डॉक्टरांनी डोळे तपासण्याची सूचना लिहिली होती. ती इंग्रजीत होती आणि तीन आद्याक्षरांत होती. आई-वडिलांपैकी कोणालाही ती वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर ऑक्टोबर उजाडला, दिंडोरीकडे द्राक्षबागांत गोडी छाटणीची कामे निघाली, आणि ते कुटुंब दरवर्षीप्रमाणे बाळाला घेऊन मजुरीस गेले. हंगाम संपवून गावी परतल्यावर आजीच्या लक्षात आले की पोर दिव्याकडे पाहत नाही. आमच्याकडे आले तेव्हा बाळ सात महिन्यांचे होते. बुबुळामागे पांढरे दिसत होते. पुण्यास पाठविले, तेथील डॉक्टरांनी तपासून सांगितले की दोन्ही डोळ्यांतील पडदा पूर्णपणे सुटलेला आहे, शस्त्रक्रियेने फारसे काही हाती लागणार नाही.

त्या आईने आम्हांला एकच प्रश्न विचारला : “कागद तर आम्ही जपून ठेवला होता, त्यात लिहिलं होतं का?” तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते कार्ड काढून आमच्या टेबलावर ठेवले. त्यात लिहिलेले होते.

जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, १९९६ साली चेन्नईच्या एका शासकीय रुग्णालयात जन्मलेल्या व तपासणीअभावी दृष्टी गमावलेल्या मुलीच्या बाबतीत, सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आमच्यावर कोणी दावा केला नाही. त्या कुटुंबाच्या मनातही तसे आले नसावे. ही गोष्ट विश्वस्त मंडळापुढे आम्ही त्याच वेळी लेखी मांडली होती. आज ती आपणां सर्वांपुढे मांडताना अध्यक्ष महोदयांनी एका शब्दानेही अडविले नाही, याची नोंद आम्ही कृतज्ञतेने करतो.

त्यानंतर कार्ड बदलले. आता डोळ्यांच्या तपासणीचा दिनांक मराठीत, मोठ्या अक्षरांत, लाल शिक्क्याने उमटविला जातो आणि सोबत वारही लिहिला जातो, कारण पेठ-सुरगाण्याकडील पुष्कळ आया तारखेपेक्षा बाजाराच्या वारावरून दिवस लक्षात ठेवतात. शक्य असेल तेथे पहिली तपासणी घरी सोडण्यापूर्वीच उरकली जाते. आणि एक नवी वही घातली आहे. रुग्णालयात जे आले त्यांची नोंद ठेवणाऱ्या वह्या आमच्याकडे पुष्कळ होत्या. या वहीत, बोलाविले असून जे आले नाहीत, त्यांची नावे लिहिली जातात. दर शुक्रवारी आमच्या एक परिचारिका ती घेऊन बसतात व प्रथम आई-वडिलांना, न सापडल्यास त्या गावच्या आशाताईंना, दूरध्वनी करतात. कुटुंब बागेवर कामाला गेले असेल तर बागायतदाराचा क्रमांक मिळवितात. काही बागायतदारांनी बाळाला व आईला स्वतःच्या मोटारीने आणून सोडले, हेही येथे सांगितले पाहिजे.

उपचारांविषयी थोडक्यात. १९८८ साली अमेरिकेतील क्रायो-आरओपी या चाचणीने दाखविले की, दृष्टिपटलाची रिकामी कड गोठवून निकामी केली तर वाईट परिणाम सुमारे निम्म्याने टळतात. पुढे त्याची जागा लेसरने घेतली, आणि २००३ सालच्या दुसऱ्या एका चाचणीने निवडक बाळांत उपचार आणखी आधी करावा हे सांगितले. २०११ पासून डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांचा मार्गही खुला झाला. मूळ आतड्याच्या कर्करोगासाठी निघालेले बेव्हासिझुमॅब हे औषध त्यांपैकीच. मध्यभागातील तीव्र विकारात ते लेसरपेक्षा सरस ठरले, परंतु विकार काही महिन्यांनीही उलटू शकतो, म्हणून पुढे दीर्घकाळ तपासण्या कराव्या लागतात, आणि एवढ्या कोवळ्या शरीरावर त्याचा पुढे काय परिणाम होईल याविषयीचा अभ्यास चालू आहे. कोणत्या बाळाला काय द्यावयाचे हा निर्णय सर्वस्वी नेत्रतज्ज्ञांचा. आमची विनंती एवढीच की, उपचाराची गरज सांगितली गेली की “दोन दिवसांनी घरच्यांना विचारून येतो” असे म्हणू नये. हे काम दोन-तीन दिवसांच्या आतच व्हावे लागते.

येथे बसलेल्या आई-वडिलांपैकी काहींनी आम्हांला एक प्रश्न खाजगीत विचारला आहे, तो उघडपणे घेतो. “आमच्या बाळाचे फोटो अभ्यासासाठी मागतात, म्हणजे आमच्या बाळावर प्रयोग करतात काय?” प्रश्न रास्त आहे. ज्या ‘सपोर्ट’ चाचणीचा उल्लेख आम्ही केला, तिच्यावरही २०१३ साली अमेरिकी शासनाच्याच एका कार्यालयाने ठपका ठेवला होता, की संमतीपत्रात आई-वडिलांना मृत्यू व अंधत्वाच्या संभाव्य धोक्याची पुरेशी स्पष्ट कल्पना दिली नव्हती. तेथील विद्वानांत यावर मोठा वाद झाला. आम्हांला त्या ठपक्यात तथ्य वाटते. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, त्यांत नैतिक समितीची मान्यता, लेखी संमती आणि इजा झाल्यास भरपाई यांची तरतूद आहे. आमच्याकडे मात्र कोणत्याही नव्या औषधाची चाचणी चालू नाही. नेहमीच्या तपासणीत निघालेली छायाचित्रे व वजन, आठवडे, प्राणवायूचे दिवस एवढ्या नोंदी, नाव-गाव काढून, अभ्यासासाठी ठेवाव्यात काय, इतकेच विचारले जाते. नाही म्हटल्याने उपचारात तसूभरही फरक पडत नाही. आणि संमतीचा कागद आता मराठीत आहे, तो मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय अंगठा किंवा सही घेतली जात नाही. कार्डाने शिकविलेला धडा आम्ही येथे लावला.

दोन किलोचा आपला नियम अशाच नोंदींतून आला आहे. आमच्या त्या सतराशे ग्रॅमच्या बाळाला परदेशी नियमाने तपासणीस बोलाविलेच नसते. आपल्या नियमाने बोलाविले होते, निरोप पोहोचविण्यात आम्ही कमी पडलो.

शेवटी आमच्या अधिकाराचा विषय, म्हणजे पैसा. देणगीदारांना यंत्र आवडते. यंत्रावर पितळी पाटी बसविता येते, फीत कापता येते, छायाचित्र निघते. आम्ही त्याची थट्टा करीत नाही. त्या पाट्यांवरच हे रुग्णालय उभे आहे. परंतु या वर्षी आमची मागणी काहीशी विचित्र आहे. पहिली वस्तू आहे हवा व प्राणवायू हव्या त्या प्रमाणात मिसळून देणारे ब्लेंडर. प्रसूतिकक्षात आणि रुग्णवाहिकेत ते नसेल, तर टाकीतला शंभर टक्के प्राणवायू थेट बाळाला जातो, आणि आपण श्वास घेतो त्या हवेत तो एकवीस टक्केच असतो. अतिदक्षता विभागात ब्लेंडर आहेत, या दोन ठिकाणी अपुरे आहेत. दुसरी मागणी बाळांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याची. पूर्वी तो परदेशाहूनच येई व धर्मादाय संस्थेच्या आवाक्याबाहेर होता, आता बंगळुरूत तयार होणारा स्वस्त कॅमेरा मिळतो. तिसऱ्या मागणीवर पाटी बसत नाही. ती आहे आई व सोबतीच्या नातेवाइकाचे एस.टी.चे भाडे, एक दिवसाची बुडालेली मजुरी, आणि शुक्रवारची वही सांभाळणाऱ्या परिचारिकेचा अर्धवेळ पगार.

आमच्या त्या देणगीदारांना गेल्या महिन्यात आम्ही हे सारे असेच सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “भाड्याच्या पैशांची पावती कशी करता?” आम्ही म्हटले, तिकीट चिकटविलेले व्हाउचर, त्यावर आईचा अंगठा. त्यांनी पहिल्या वर्षाची रक्कम दिली आहे. तिचा विनियोग पुढील वर्षीच्या पुस्तिकेत स्वतंत्र परिशिष्ट म्हणून दाखविण्यात येईल, आणि वहीतील न आलेल्या बाळांची संख्याही त्याच पानावर छापली जाईल.

नेत्रतपासणी दर गुरुवारी सकाळी नऊ वाजता असते. बाळाच्या डोळ्यात थेंब घालून, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवून ती करावी लागते. बाळ रडते, पाहणाऱ्याच्या जिवाला लागते, परंतु काही मिनिटांत संपते. ज्यांना पाहावयाची इच्छा असेल त्यांनी आदल्या दिवशी कार्यालयात कळवावे. संसर्गाच्या भीतीमुळे एका वेळी दोघांनाच आत सोडता येते, आणि त्यात आई-वडिलांचा मान पहिला. चहाची व्यवस्था मागील व्हरांड्यात केलेली आहे.